दवंडी शेळीनं ऐकली होती का?

शालू, सरक गं जवळ. कागदावरून बोलायलेय, तरी सरक. रागवायचं म्हटलं की मला माणूस जवळ लागतं. शेजाऱ्याच्या कुत्र्यानं तुझ्या मांजरीचा कान फाडला, आणि तू काय केलंस? भिंतीवरून पोटभर भांडलीस, आणि मग आत्याला पत्र टाकलंस की कायदा काय म्हणतो. असं उलटं करतात का? आधी विचारायचं, मग भांडायचं. भांडणात तू काय काय बोलून बसलीस ते तुला आता आठवत नसेल. त्यांना आठवत असेल.

वर आणखी लिहितेस, त्यांच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी आहे, म्हणून आपलं काही चालणार नाही. हे तुला कुणी सांगितलं? त्याला माझ्याकडं पाठव. तोवर तू ऐक. पाटीच्या आधी हलगी होती, त्या वेळची गोष्ट आहे.

मन्मथअप्पा माझ्या टेबलापुढं येऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांना ठेचा लागून रक्त आलं होतं. बहीण पारूबाई हात धरून वालूरहून परभणीला घेऊन आली होती. मी म्हटलं, “बसा.” ते बसले ते टेबलावरच. तेव्हा मला कळलं की अप्पांना दिसत नाही.

माझं टेबल म्हणजे कोर्टाच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली. मी अर्जनवीस. अर्जनवीस म्हणजे वकील नव्हे. वकील बोलतो, अर्जनवीस लिहितो. ज्याला लिहिता येत नाही त्याचं गाऱ्हाणं कोर्टाला समजेल असं कागदावर उतरवायचं, त्याला वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा. खरं हे काम आमच्या ह्यांचं. पण ते उर्दूत लिहिणारे. निजामाचं राज गेलं, पुढं मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि अर्ज मराठीत यायला लागले. ह्यांची मराठी मोडीतली. ती वाचायला परत ह्यांनाच बोलवावं लागायचं. मी शाळेत गेलेली नाही. भावाच्या, म्हणजे तुझ्या बापाच्या, पुस्तकांवरून अक्षरं उचलली होती. मग हे उर्दूत सांगायचे, मी मराठीत लिहायची. नंतर ह्यांचा हात थरथरायला लागला, ते घरी बसले, आणि परवाना माझ्या नावावर झाला. आवारात लिहिणारी मी एकटीच बाई. पहिले सहा महिने लोक येऊन विचारायचे, “लिहिणारे कुठं गेले?” मी म्हणायची, “जेवायला गेलेत. तोवर मी लिहिते.”

तर अप्पांना टेबलावरून उठवून बाकड्यावर बसवलं.

“काय झालं, अप्पा?”

“चंद्री.”

“कोण चंद्री?”

“शेळी हाय माझी. माणिकरावाच्या कुत्र्यानं मागचा पाय मोडला तिचा. पार मांडीपासून फाडलाय.”

“दुसरी शेळी मागायची का?”

पारूबाई म्हणाली, “बाई, तुमाला समजलं न्हाई. शेळी गेली म्हंजी ह्याचे डोळे गेले.”

मग तिनं सांगितलं. अप्पांचे डोळे लहानपणीच देवीत गेलेले. अंबाडीचे दोर वळून पोट भरायचे. घरातून महादेवाच्या देवळात, देवळातून बाजारातल्या ओट्यावर, संध्याकाळी परत. बायको होती तोवर ती पुढं चालायची. तिच्या मागं तिची लाडकी शेळी. शेळीच्या गळ्यात पितळेची घाटी, म्हणजे छोटी घंटा. घाटीच्या आवाजामागं अप्पा. बायको गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी दार उघडलं, तर शेळी एकटीच पुढं चालायला लागली. खड्डा आला की थांबायची. समोरून गाडी आली की बाजूला व्हायची. चार वर्षं असं चाललं होतं.

“आता महिना झाला,” अप्पा म्हणाले, “घरात बसून हाय. पारू तिच्या गावी गेली की मी दारातसुदिक येत न्हाई.”

“अहो, पण पारूबाई हात धरून आणतातच की.”

अप्पांनी पाय पुढं केले. “बघा की. हात धरला की मला चालता येत न्हाई. वढत नेल्यावानी होतं. माझे पाय आवाजामागं जात्यात.”

मी अर्ज लिहिला. कुत्रा कुणाचा, शेळी कुणाची, कुठल्या वाटेवर, कुठला पाय. चांगलं दीड पान. पेशकारांकडं दिला. पेशकार म्हणजे साहेबांच्या पुढ्यात कागद ठेवणारे कारकून. भले गृहस्थ. त्यांनी वाचला आणि मला परत दिला.

“बाई, कुत्रं चावलं एवढंच लिहिलंत.”

“चावलंच की.”

“कुत्री चावतातच. मालकाला ठाऊक होतं का, ते कुठाय?”

तेव्हा मला हे नवीनच होतं. तुलाही नवीन असेल, म्हणून नीट ऐक. कायदा कुत्र्याच्या बाबतीत लय मोठ्या मनाचा. पाळीव कुत्रा मुळात गरीबच, असं तो धरून चालतो. कुणी वाघ पाळला तर पहिल्या दिवसापासून जबाबदारी मालकाची. कुत्रा पाळला तर तसं नाही. एक तर मालकानं छू करून अंगावर सोडलेला पाहिजे. नाहीतर, कुत्रा चावरा आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक पाहिजे. दोन्हीतलं एक शाबीत करायचं, आणि ते ज्याचं जनावर जखमी झालं त्यानं. नसता मालक हात वर करतो, “मला काय ठाऊक? आजच चावला.”

मी झाडाखाली परत आले.

“अप्पा, छू केलं होतं का?”

“न्हाई. माणिकराव घरात व्हते. खोटं कशाला बोलू?”

“आधी कुणाला चावला होता?”

“त्यांच्याच एका पाव्हण्याला चावला म्हनत्यात. पन तो पाव्हणा पुन्ना आला न्हाई.”

“दुसरं कुणी सांगेल का?”

“कोन सांगल? अर्ध्या गावाचे बैल त्यांच्या आडावर पाणी पेत्यात.”

पारूबाई मधीच म्हणाली, “अन् ती दवंडी?”

“कसली दवंडी?”

दोन महिन्यांपूर्वी म्हणे माणिकरावांनी गावात दवंडी दिली होती. कोतवालानं हलगी वाजवत सांगितलं होतं की कुत्रं चावरं आहे, खळ्याच्या वाटेनं कुणी जाऊ नये. तेव्हापासून माणिकरावांचं म्हणणं एकच, मी सांगून मोकळा झालो, आता ज्याचं त्यानं बघावं. अख्ख्या गावालाही ते पटलेलं. पारूबाईलाही पटलेलं. ती हळूच म्हणाली, “म्हनून तर मला वाटतं बाई, आपलं काई चालायचं न्हाई.”

अगदी तुझ्यासारखंच.

मी म्हटलं, “कोतवाल येईल का साक्षीला?”

अप्पा हसले. कोतवालाचं धान्य माणिकरावांच्या खळ्यावरून यायचं. तो कशाला येतो?

संध्याकाळी घरी जाऊन ह्यांना सांगितलं. हे डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, “जे साक्षीदार सांगत नाही ते मुद्दालेहलाच सांगू द्यावं.” मुद्दालेह म्हणजे ज्याच्यावर दावा लावला तो. आणि मुद्दई म्हणजे दावा लावणारा.

“तो कशाला सांगेल?”

“विचारायचं असं, की त्याला वाटावं आपली तारीफ चाललीय.”

दुसऱ्या दिवशी मी दावा बाजूला ठेवला आणि आधी एक नोटीस लिहिली. शेवटची ओळ अशी: ‘आपण गावातील जबाबदार इसम असून, आपल्या कुत्र्याबाबत गावास वेळीच सावध केले होते किंवा नाही, याचा लेखी खुलासा व्हावा.’ खाली अप्पांचा अंगठा. टपालात टाकली.

खुलासा आठवड्यात आला. दोन पानं. माणिकरावांनी वकिलालासुद्धा विचारलं नव्हतं. अप्पासारखा माणूस आपल्याला ‘सावध केलं का’ म्हणून विचारतो, हेच त्यांना लागलं होतं. मधला मजकूर मला अजून पाठ आहे. ‘सदर कुत्रा अतिशय चावरा असल्याने आम्ही आमच्या जबाबदारीने हलगी वाजवून दवंडी दिली होती. अशी खबरदारी पंचक्रोशीत दुसऱ्या कोणी घेतली असल्यास दाखवावे.’ खाली सही. सहीखाली दोन रेघा.

मी तो कागद पेशकारांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “आता दावा लिहा.”

तारीख लागली. अर्जनवीसाला कोर्टात बोलता येत नाही, पण मागं बसता येतं. मी बसले. मुन्सिफसाहेब, म्हणजे न्यायाधीश, वर. एका बाजूला अप्पा, पायाला नव्या दोन ठेचा. दुसऱ्या बाजूला माणिकराव, धुवट धोतर, मोठा रुमाल बांधलेला, आणि त्यांचे वकील. वकील हुशार होते. त्यांनी जवाबदावा, म्हणजे दाव्याचं उत्तर, बेतानं दिला होता. ते उभे राहिले.

“साहेब, माझ्या पक्षकाराचा कुत्रा स्वभावानं गरीब आहे. आजपर्यंत कुणाला चावल्याचं पक्षकाराच्या माहितीत नाही.”

साहेबांनी अप्पांना विचारलं, “तुमचं काय म्हणणं?”

अप्पांनी खिशातून खुलासा काढून समोर धरला. “ह्यो कागद हाय, साहेब. मला वाचता येत न्हाई.”

साहेबांनी वाचला. वकिलांकडं दिला. वकिलांनी वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला नाही, एवढं मान्य केलं पाहिजे. ते म्हणाले, “ही सही माझ्या पक्षकाराची आहे हे अजून शाबीत व्हायचंय.”

मागून आवाज आला, “माझीच हाय की!”

“माणिकराव, गप बसा.”

“कामून गप बसू? खोटं हाय का काय? दवंडी मीच दिली. कोतवालाला संगं आणलंय, इचारा त्याला!”

जो साक्षीदार आम्हाला सात जन्मात मिळाला नसता, तो माणिकरावांनी स्वतःच्या बैलगाडीतून आणला होता. शिवाय वाटेत त्याला चहा पाजला होता.

सटवाजी कोतवाल पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ झाली.

“दवंडी काय दिली होती?” साहेबांनी विचारलं.

“तशीच म्हनू का, साहेब?”

“तशीच म्हणा.”

सटवाजीनं घसा साफ केला. पिंजऱ्याच्या लाकडावर हातानं हलगीचा ठेका धरला. “ऐका हो ऐका! माणिकरावायचं शेरू कुत्रं लय चावरं झालंय हो! दोघायला फाडलंय हो! खळ्याच्या वाटंनं कुनी जाऊ नये हो! गेलं तर ज्याचं त्यानं बघावं होऽ!”

व्हरांड्यातला चपराशी पळत आत आला. त्याला वाटलं काहीतरी पेटलं.

वकील खाली बसले.

साहेबांनी विचारलं, “दोघांना म्हणजे कुणाला?”

“एक त्यांचा पाव्हणा, साहेब.”

“आणि दुसरा?”

“दुसरा मीच,” सटवाजी म्हणाला, आणि धोतर वर करून पोटरी दाखवायला लागला. साहेब म्हणाले, राहू द्या.

मग साहेब माणिकरावांकडं वळले. “गावाला सावध केलंत, चांगलं केलंत. ती वाट कुणाची?”

“वाट सरकारी हाय, साहेब. खळं माझं.”

“शेळी कुठं होती?”

“वाटंवर.”

“म्हणजे कुत्र्याला बांधायचं सोडून तुम्ही गावाला बांधलंत.”

वकील पुन्हा उठले. हुशार माणूस हार लवकर मानत नाही. “साहेब, मुद्दईनं दवंडी ऐकली होती. धोका ठाऊक असून तो त्या वाटेनं गेला. मग दोष कुणाचा?”

हा प्रश्न काही वावगा नव्हता. ह्याचं उत्तर मी अप्पांना शिकवलेलं नव्हतं.

“अप्पा, दवंडी ऐकली होती का?” साहेबांनी विचारलं.

“ऐकली व्हती, साहेब.”

“मग त्या वाटेनं का गेलात?”

“वाट मी कुठं ठरवतो? चंद्री ठरवती. ती चालती, मी मागं जातो.”

साहेब वकिलांना म्हणाले, “दवंडी शेळीनं ऐकली होती का?”

वकील म्हणाले, “तसा पुरावा नाही, साहेब.”

कुणी हसलं नाही. पेशकारांनी ते लिहूनसुद्धा घेतलं असावं.

जबाबदारी कुणाची ते ठरल्यासारखंच होतं. साहेबांनी अप्पांना विचारलं, काय पाहिजे. दुसरी शेळी?

“दुसरीला मी ठाऊक न्हाई, साहेब. चंद्री बरी व्हावी. अन् ती बरी होईस्तोवर मला देवळात अन् बाजारात जाता यावं. दुसरं काय करायचंय?”

हे ऐकून साहेबांनी पेन ठेवलं. असा हुकूम कायद्याच्या कुठल्या रकान्यात बसवायचा, हा त्यांचा प्रश्न. नुकसानभरपाईचा हुकूम करता येतो, रोज सकाळचा कसा करायचा? ते म्हणाले, दुपारच्या सुट्टीत दोघं आपसात बघा. आपसात ठरलं आणि कागदावर आलं, की कोर्ट त्यावर शिक्का मारतं, आणि मग तो हुकूमच होतो. त्या कागदाला आम्ही सुलहनामा म्हणायचो. तडजोडीचा कागद.

सगळे माझ्या झाडाखाली आले.

माणिकराव मनानं वाईट नव्हते. चंद्रीला ढोरांच्या दवाखान्यात न्यायचं कबूल केलं. शेरूच्या गळ्यात लोढणं, म्हणजे लाकडाचा ओंडका, कायम बांधायचं कबूल केलं. “अन् अप्पाला न्यायचं म्हनता ना? माणूस लावून देतो. काय मोठं हाय त्यात?”

अप्पा म्हणाले, “तुमचा माणूस दोन दिवस येईल. तिसऱ्या दिवशी त्याला खळ्यावर काम निघंल.”

माणिकरावांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते सटवाजीवर घसरले होते. “दोघायला कामून म्हनलास रे?”

“तुमीच सांगितलं व्हतं तसं.”

“दवंडीत सांग म्हनलं व्हतं. कोर्टात न्हाई!”

मी लिहीत होते. लिहिलं: ‘सदर शेळी चालती होईपर्यंत मुद्दालेह यांनी रोज सकाळी व संध्याकाळी जातीने हजर राहून, मुद्दईस ठेच लागू न देता, नेणे-आणणे करावे.’ जातीने म्हणजे स्वतः. माणूस लावून चालत नाही.

आमच्या धंद्याचा एक नियम. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. मी वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, ‘जातीने’वर जरा थांबून. अप्पांनी मान हलवली. वकिलांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना तो शब्द बरोबर कळला होता. मग त्यांनी सटवाजीशी भांडणाऱ्या आपल्या पक्षकाराकडं बघितलं. आणि काही न बोलता त्याच्या हातात पेन दिलं.

सही. खाली दोन रेघा.

पंधरा दिवसांनी पारूबाईचा निरोप आला, येऊन बघून जा. मला राहवलं नाही. देवगाव फाट्याला मोटारीतून उतरले, तिथून एका बैलगाडीनं वालूर. रात्री अप्पांच्या घरीच पारूबाईजवळ मुक्काम केला आणि सकाळी दारापुढच्या ओट्यावर येऊन बसले. आत चंद्री होती. पायाला कामट्या बांधलेल्या, समोर कडुनिंबाचा पाला. कपाळावर पांढरा चांद. माझ्याकडं बघून तिनं एकदा तोंड हलवलं आणि खायला लागली.

माणिकराव आले. धुवट धोतर, मोठा रुमाल. हातात चंद्रीची घाटी.

पहिल्या दिवशी म्हणे त्यांनी अप्पांचा हात धरला होता. दहा पावलांत ठेच लागली. अप्पा तिथंच थांबले आणि म्हणाले, कागदात ठेच न्हाई. मग दोघांनी बरंच डोकं लावलं. शेवटी अप्पाच म्हणाले, घाटी घ्या.

आता माणिकराव पुढं चालायला लागले. खण् खण् खण्. मागं अप्पा, काठी नाही, हात नाही, सरळ. खड्ड्यापाशी माणिकराव थांबले, अप्पा थांबले. आडावरच्या बायका पाणी शेंदत राहिल्या. पंधरा दिवसांत सगळ्यांचं हसून झालं होतं. अप्पा सवयीनं म्हणाले, “हळू, चंद्रे.” माणिकराव हळू झाले.

माझ्यापाशी आल्यावर माणिकरावांनी घाटी मुठीत धरली. आवाज बंद, अप्पा जागच्या जागी उभे.

“बाई, तो जातीनं तुमी घातला.”

“वाचून दाखवला होता, माणिकराव. मोठ्यानं.”

“आमी ऐकला न्हाई.”

“शेळीचंही तसंच झालं.”

त्यांनी मूठ सोडली आणि देवळाच्या वाटेला लागले.

चंद्री दिवाळीच्या सुमारास चालायला लागली. थोडी लंगडायची. त्यामुळं घाटीचा ठेका बदलला, आणि अप्पांना चार दिवस नव्यानं पाय बसवावा लागला. शेरूच्या गळ्यात शेवटपर्यंत लोढणं होतं. तो पुन्हा कुणाला चावल्याचं ऐकलं नाही. दवंडीही पुन्हा कुणी दिली नाही.

आता तुझं. नुसत्या पाटीवरून केस जिंकता येते असं समजू नकोस. लोक चोरासाठीही पाटी लावतात. पण त्यांना एक चिठ्ठी लिही, गोड भाषेत, की पाटी कशासाठी लावलीत आणि कुत्रा आधी कुणाला चावला होता का. उत्तर लेखी माग. भिंतीवरून मागू नकोस. माणूस स्वतःच्या शहाणपणाबद्दल विचारलं की दोन पानं लिहितो. आणि त्यांनी तडजोडीचा काही कागद पाठवला, तर सही करण्याआधी तू मात्र तो मोठ्यानं वाचून घे, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत.

ते कागद घेऊन लवकर ये, बाई. कितीक दिवस झाले तुला बघून. मांजरीलाही आण, कान बघू. आमच्या गल्लीत कुणी कुत्रं पाळलेलं नाही. कधी येतेस ते मात्र लिहून कळव. दुसऱ्याजवळ दिलेल्या तोंडी निरोपावर मी आता काही धरून चालत नाही.